पिशवीखालची विभूती

मला किळस लवकर येते. पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की माझं जेवण तिथंच संपायचं. एसटीत शेजारचा माणूस तोंडावर हात न धरता खोकला की मी खिडकीबाहेर मान काढून बसायचो, मग बाहेर पाऊस असो की फुफाटा. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं तर तांब्याची कड आधी बघायची, आणि कड बघून झाली की तहान नाही म्हणायचं. बायको म्हणायची, तुमच्या नाकाचे नखरे सांभाळायला वेगळी बायको करा. ती हे हसत म्हणायची, पण अगदीच गमतीनं नाही.

युसूफ वडगावात आमचं किराणा दुकान आहे, आणि ह्या धंद्यात असलं नाक कामाला येतं. शेंगदाण्याचं पोतं सोडलं की माल खवट आहे का हे मी दाणा तोंडात न टाकता सांगतो. तुरीच्या डाळीला ओल लागली असेल तर मला पोत्याच्या बाहेरूनच कळतं. अशा माणसाच्या पोटावर घाणीची पिशवी चिकटवायची म्हणजे वरच्याची चेष्टाच म्हणायची. आता ती पिशवी नाही, बेंबीच्या उजवीकडं एक वेडावाकडा वळ तेवढा आहे. तरी अंघोळ करताना मी तिकडं बघत नाही.

सुरुवात पोटात कळ येऊन झाली. आधी वाटलं, आदल्या दिवशीची शिळी भजी बाधली. मग हिरव्या उलट्या सुरू झाल्या आणि पोट टरारून फुगलं. केजला गेलो, तिथून लगेच अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथला सर्जन कमी बोलणारा, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस होता. त्यानं माझ्या पोटावर बोटं आपटली, फोटो बघितला आणि आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल म्हणाला.

काय निघालं ते त्यानं नंतर सांगितलं. आईच्या पोटात असताना बाळाच्या बेंबीपासून आतड्यापर्यंत एक बारीक नळी असते. बाळ बाहेर येण्याच्या कितीतरी आधीच ती विरून जाते. माझी पुरती विरलीच नव्हती. लहान आतड्याला बोटाएवढा एक पोकळ कोंब राहिला होता, आणि त्याच्या टोकापासून बेंबीपर्यंत दोरीसारखं काहीतरी. इतकी वर्षं मी पोती उचलली, लग्नात नाचलो, मोटारसायकलवरून पडलो, तेव्हा ती दोरी गुमान राहिली, आणि एक दिवस आतड्यानं तिच्याभोवती पीळ घेतला. पिळातला तुकडा काळा पडला होता.

"म्हंजी हे माज्या पोटात व्हता तवाचंच हाय का?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून आईनं विचारलं.

"हो आजी, जन्मजात आहे. पण ह्यात कुणाचा दोष नसतो," डॉक्टर म्हणाले.

आईनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. तिचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात कुणी तिच्या भाकरीतला खडा काढून दाखवला.

इथं आमच्या घरचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत, लिंग बांधणारे. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, दोरा लांब असल्यामुळं माझी डबी पार बेंबीपाशी यायची. सकाळी अंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं, डोळे लावून बसायचं आणि मगच चहा. ते अंगावरून उतरवायचं नसतं. माणूस मेला तर त्याला बसवून पुरतात, आणि तेव्हाही ते त्याच्या हातातच असतं. माझं लिंग तर माझ्याही आधीचं. मी आईच्या पोटात होतो तेव्हा आठव्या महिन्यात आमच्या स्वामींनी ते आईला दिलं, आणि मी जन्मेपर्यंत तिनं ते स्वतःच्या पोटावर बांधून ठेवलं होतं. हे ती येईल त्या पाहुण्याला सांगते.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी सिस्टरनं सगळं काढायला लावलं. अंगठी काढली, करदोटा कात्रीनं कापला आणि लिंगही उतरवलं. आईनं ते मुठीत घेतलं आणि मूठ मिटून बाकावर बसून राहिली. बायको आईला आत्याबाई म्हणते; तिनं नंतर सांगितलं की आत्याबाईंनी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही.

काळा तुकडा कापून दोन टोकं एकमेकांना शिवली होती. ती शिवण सुटली. कितीही नीट शिवलं तरी कधीकधी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या गावचा टेलरही हेच म्हणतो, पण तो निदान विजार बदलून देतो. मला आधी थंडी वाजून ताप भरला. मग पट्टीखाली ओलं लागायला लागलं. सिस्टर पट्टी बदलायला आली त्याच्या आधीच मला वास आला होता. आंबलेल्या ताकात कुणी पित्त ओकावं तसा तो वास. मी म्हणालो, सिस्टर, काहीतरी सडलंय. ती म्हणाली, काका, बोलू नका, पडून राहा. पट्टी उचलली तर टाक्यांच्या मधून पिवळं-हिरवं पाणी वर येत होतं. ते माझ्याच पोटातून येतंय हे कळायला मला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर मी असा ओरडलो की शेजारच्या वॉर्डातली माणसं बघायला आली.

परत आत नेलं. पोट उघडून आतून धुऊन काढलं. ह्या वेळी आतडं शिवायच्या भानगडीत न पडता त्याचं टोक पोटाच्या कातड्यातून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली.

शुद्धीवर आल्यावर मी चादर उचलून बघितलं. लाल, ओलं, बोटाच्या पेराएवढं मांस पोटावर उभं होतं, आणि ते हलत होतं. आपल्या मनानं आखडायचं आणि परत पुढं यायचं, गोगलगाय शिंगं काढते तसं. मला उलटी झाली. उलटीनं टाके ओढले गेले, टाक्यांनी डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि तेवढ्यात पिशवी गरम झाली. वरून आणि मधून, दोन्हीकडून मी एकदमच वाहत होतो.

डॉक्टरांनी समजावलं की हे कायमचं नाही. अंगात ताकद आली, पोटावरची कातडी चांगली राहिली की आतडं परत जोडून आत टाकू. मी विचारलं, "आणि पहिल्यासारखी शिवण परत सुटली तर?" ते म्हणाले, "धोका असतो. खोटं कशाला बोलू?" खरं बोलणारा डॉक्टर पाहिजे असं आपण म्हणतो, पण मिळाला की त्याचा राग येतो.

घरी आलो आणि खरी शिक्षा सुरू झाली. लहान आतड्याच्या टोकाला काही धरून ठेवता येत नाही. जेवताना येतं, बोलताना येतं, गिऱ्हाईकाला हिशोब सांगताना गुडगुड करत येतं. सकाळी खाल्लेल्या भाजीतल्या टोमॅटोचं साल दुपारी जसंच्या तसं समोर दिसायचं. मेथीचं पान तर मी ओळखू शकलो असतो. जगातल्या सगळ्या माणसांना आपली घाण पाठीमागं टाकायची सोय आहे, मला मात्र ती समोर, नाकाखाली, स्वतःच्या हातानं चिमटा सोडून ओतावी लागे. मी श्वास धरायचो, पण किती वेळ धरणार? संडासातून बाहेर आल्यावर साबण लावून कोपरापर्यंत हात घासायचो, तरी बोटांना वास आहे असं वाटायचं. भाकरी मोडताना वाटायचं, डाळ मोजताना वाटायचं.

पिशवीची चिकट चकती बदलायची असली की मी खाटेवर उताणा पडून टॉवेल तोंडावर ओढून घ्यायचो. बायको तोंडात लवंग धरून सगळं करायची. तिचा चेहरा कसा होत असेल हे मला बघायचं नव्हतं, आणि पोट तर त्याहून बघायचं नव्हतं. "झालं," म्हणाली की टॉवेल काढायचा. तिनं एकदाही तक्रार केली नाही. मला तेही सहन होत नसे. मी तिच्या जागी असतो तर माहेरी निघून गेलो असतो.

भेटायला येणाऱ्यांनी तर वीट आणला. आपल्याकडं आजारी माणूस म्हणजे जत्राच. केळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन यायचे, खाटेच्या पायाशी बसायचे, आणि एकेकाच्या ओळखीत असंच होऊन कोण कोण मेलं ते सांगायचे. नांदूरघाटचा माझा शाळेतला मित्र आला. गुळाचा व्यापारी, जीव लावणारा, पण अक्कल गुळासोबत विकून आलेला. बायकोनं त्याला पोह्याची ताटली दिली.

"दाखव की बे," तो म्हणाला.

"काय दाखवू? सिनेमा हाय का?"

"तसं न्हाई बे. लोक लई काय काय बोलायलेत. कुनी मनतंय आतडी बाहेर लोंबायलीत. एकदा बगितलं म्हंजी मला सांगता यील ना."

आणि शर्ट मीच वर केला. राग आला म्हणून केला. तो बघत राहिला, पोह्याचा घास गालात तसाच. नेमकी तेव्हाच पिशवी बोलली. त्यानं घास गिळला आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग खालून काईच न्हाई का आता?" ताटली मात्र त्यानं पुरी संपवली, वर लिंबू मागून घेतलं. मला त्या दिवशी माणसाच्या जातीचीच किळस आली.

पण हे सगळं एकीकडं. मला आत जे खुपत होतं ते वेगळंच होतं. माझं लिंग आईनं परत दिलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर मला वाटलं, आज देईल. मग वाटलं, टाके निघाले की देईल. ती काही बोलेना. डबी देवघरात तिच्या पूजेच्या पेटीशेजारी ठेवलेली मला दारातून दिसायची. मी सकाळी उठून सरळ चहा प्यायचो. इतक्या वर्षांत पूजेआधी कधी चहा घेतला नव्हता. तो चहा कुणाचा तरी चोरून पितोय असा लागायचा. ती समोरून जायची, कपाकडं बघायची आणि नजर वळवायची. मी जेवायला बसलो की ती उठून परसात जायची. बायको वाढायची तेव्हा आई घरात नसे. हे मी रोज बघत होतो आणि रोज आतल्या आत सडत होतो.

कारण हीच बाई आयुष्यभर गल्लीला सांगत आली होती की आपल्यात विटाळ नसतो. लिंग अंगावर आहे तोवर विटाळ कुणाला व्हायचा? न बाळंतीण बाटते, न मढ्याचं सुतक. आजोबा गेले तेव्हा त्यांना मातीत बसवून आलो आणि आईनं संध्याकाळी चूल पेटवली. शेजारच्या पाटलीणबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांच्या हातात ती टोपली तशीच राहिली. गल्लीतल्या बायका महिन्यातले ते दिवस बाजूला बसायच्या, आई त्याच दिवसांत पूजा करायची आणि त्यांना मुद्दाम हाक मारून प्रसाद द्यायची. एवढा तोरा. आणि पोटच्या पोराच्या पोटावर पिशवी लागली तर लगेच डबी उचलून देवघरात?

मागायचं का? मी कशाला मागू? माझंच होतं ते. आणि मागितलं आणि तिनं "बरा हो मग बघू" म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं? म्हणून गप्प राहिलो. पण जोडणीचं ऑपरेशन जवळ येत होतं. शिवण परत सुटली तर मी दवाखान्यातच संपणार, आणि संपलो तर हात रिकामा. मरायला मी भीत होतो हे खरंच. पण आईनं आपल्याला बाटलेला ठरवलं आणि तसंच पाठवलं, हे घेऊन मरायचं नव्हतं.

त्यात पिशवी टिकेना. दोन-तीन दिवस राहायला पाहिजे ती चकती सकाळी लावली की दुपारी कडेनं सुटायची. ते पाणी साधं नसतं. जे पोटात भाकरी पचवतं तेच कातडीलाही पचवतं. बेंबीच्या बाजूची कातडी सोलवटून लाल झाली, पाण्याचा हात लागला तरी मी ओठ चावायचो. मी पिशव्या विकणाऱ्याला शिव्या घातल्या, उन्हाळ्याला घातल्या, बायकोच्या हातालाही घातल्या. ती म्हणायची, "मी तर नीट लावते हो." आणि खाली बघायची.

एकदा बाजाराच्या दिवशी दुकानात गुळाची ढेप फोडत होतो. समोर वडवणीकडची एक म्हातारी होती, नातवाच्या बारशाचं सामान घ्यायला आलेली. वाकलो आणि कडेनं सुटलं. शर्टावर डाग पसरायला लागला आणि वास सुटला. म्हातारीनं आधी आपल्या चपला उचलून बघितल्या, तिला वाटलं आपणच कशात तरी पाय दिलाय. मग तिनं माझ्याकडं बघितलं, मग गुळाकडं. "राहू दे बाबा, पुन्यांदा येते," म्हणाली. ती चांगली बाई होती, तोंडावर पदरसुद्धा धरला नाही. मी ती ढेप मागं नेऊन उकिरड्यावर फेकली. गुळाला काही लागलं नव्हतं, पण मला माझ्या हातातलं काहीच कुणाच्या पोटात जायला नको होतं.

ऑपरेशनची तारीख घ्यायला म्हणून बायकोला घेऊन अंबाजोगाईला गेलो. डॉक्टरांनी पिशवी काढली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांनी कापसाचा बोळा ओला करून सोललेल्या कातडीवरून हळूच फिरवला. बोळ्यावर करडं काहीतरी आलं.

"हे काय लावलंय?"

"काही नाही लावलं," मी म्हणालो.

"मग हे काय आहे? राख?" त्यांनी बोळा माझ्या नाकासमोर धरला. वास घ्यायची गरज नव्हती, पण घेतला. शेणाच्या गोवऱ्यांची, वस्त्रातून गाळलेली राख. हा वास मी जन्मापासून कपाळावर घेऊन फिरलो होतो. विभूती.

मी बायकोकडं बघितलं. ती रडायला लागली. "आत्याबाई रोज पुडी द्यायच्या. भवती लाव, ह्यांना सांगू नको, चिडतेल, म्हनल्या. मी नुसती बोटानं लावायची हो, चिमूटभर."

डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. राखेवर चकती चिकटतेच कशी? सुटणारच. म्हणून खाली पाणी जातं, म्हणून कातडी जळते. आणि अशा कातडीवर मी सुरी लावणार नाही, ती बरी होईपर्यंत जोडणी नाही, पुढं ढकललं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ताई, देवाचं कपाळाला लावा हो. इथं नको." नवी पिशवी लावून दिली आणि ह्या कातडीवर ही किती टिकेल सांगता येत नाही, असंही बजावलं.

परतीच्या जीपमध्ये मी बायकोकडं पाठ करून बसलो. डोक्यात एकच चाललं होतं: हिनं मला शुद्ध करायला राख फासली. लिंग द्यायचं नाही, समोर जेवायचं नाही, आणि वरून चोरून शुद्धी करून घ्यायची, तीही बायकोच्या हातून. गोठ्यातल्या जनावराला औषध चोपडतात तसं. युसूफ वडगाव येईपर्यंत मी इतका तापलो होतो की पोटाची आग कळेनाशी झाली.

दिवेलागणीची वेळ होती. मी चपला काढून सरळ देवघराच्या दारात गेलो. आई पूजेला बसली होती. तिनं स्वतःचं लिंग पुसून गळ्यात घातलं, आणि मग माझी डबी उघडली. माझं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी त्या खोलीच्या वाटेला जात नव्हतो, तर बघणार कुठून? पण राग आलेला होता, तो काही बघून थांबला नाही.

"विटाळ झालाय ना मला? मंग तोंडावर सांग की. बायकोच्या हातानं राख कावून लावतीस?"

तिनं डोळे उघडले. "कुनाचा विटाळ?"

"माजा! आपल्यात विटाळ न्हाई मनून गावाला सांगत हिंडलीस जलमभर. आन माजं लिंग दाबून बसलीस. त्या राखंपायी कातडी जळाली माजी. ऑपरेशन पुढं गेलं."

"जळाली?" तिनं विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "इबूतीनं?"

"लिंग कावून देत न्हाईस ते सांग."

"तू मागितलंस का?"

"म्या कावून मागायचं? माजं हाय ते."

तिनं तळहात सरळच ठेवला, पान पडू न देता. मग म्हणाली, "तुला खरंच ध्यानात न्हाई? दुसऱ्या बारीला तुला बाहेर आनलं, तवा मी गळ्यात घालाया आलते. तू माजा हात झिडकारलास. मनलास, घान हाय, जवळ आनू नको, शिवू नको त्याला माज्या अंगाला. माजा हात त्याच्यावर ठिवून शपत घ्याया लावलीस, मी सोताहून मागंपातुर आनायचं न्हाई मनून. सिस्टर बी हुबी व्हती तितं." मागं उभ्या असलेल्या बायकोनं मान हलवली.

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझंच बोलणं होतं, त्यात शंका नव्हती. तसं बोलायला आमच्या घरात दुसरं कुणी नाही.

"लिंगावर हात ठिवून शपत घेतलेली, मोडू कशी? रोज वाट बगती, आज मागंल, उद्या मागंल. तू च्या ढोसत बसायलास." तिनं नाक ओढलं. "मनून इबूती दिली. इबूतीची काय शपत घेतली नव्हती. आपलं काईतरी तुज्या अंगावर ऱ्हावं. ते भोक तर माज्यामुळंच पडलंय ना? माज्याच पोटात ऱ्हायलेलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि कडेनं सुटलं. एवढं ओरडल्यावर सुटणारच होतं. गरम धार मांडीवरून खाली गेली आणि देवघराच्या फरशीवर ठिबकायला लागली. धूप जळत होता, पण त्या वासापुढं धुपाचं काय चालतं? आई ओकारी देऊन वाकली. दुसरा हात तोंडावर गेला, डोळ्यांत पाणी आलं, परत ओकारी आली. बायको बादली आणायला पळाली. मी शर्ट पोटावर दाबला आणि मागं फिरलो.

"कुटं निगालास? बस."

"घान पडलीय आई."

"दिसतीया मला. नाक हाय मला. तुजं नाक कुटून आलंय मग?" तिनं पदर नाकावर घट्ट धरला होता, त्यातून आवाज दबका येत होता. "मळमळतंय मला. रोज मळमळतंय. तू जेवाया बसलास की वास सोसत न्हाई, मनून परसात जाती. तुज्यासमोर ओकले तर तू जेवला नसतास. पन घान आली मनून विटाळ कवा झाला? पोटात व्हतास तवा काय उदबत्तीच्या धुरात व्हतास व्हय रे? तवा बी हे इतंच बांदलं व्हतं."

बायकोनं टॉवेल आणला, फरशी पुसली, माझ्या हातांवर पाणी घातलं. मी पाटावर बसलो.

"माग की आता," आई म्हणाली.

मी म्हणालो, "दे."

तिनं लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते तिच्या हातानं कोमट झालेलं होतं. आता अडचण अशी की पूजेला उजवा हात मोकळा लागतो, आणि माझा उजवा हात पोटावरच्या टॉवेलवर होता. तो काढला असता तर सगळं परत फरशीवर आलं असतं. बायको बादली ओतायला मागं गेली होती. पाणी घालायचं कसं ते कळेना.

आई गुडघ्यावर सरकत जवळ आली. एका हातानं पदर नाकावर धरून, तोंड भिंतीकडं फिरवून, तिनं दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला, बेंबीच्या शेजारी, आणि टॉवेल दाबून धरला. खालून गरम ओल तिच्या बोटांपर्यंत आलेली मला दिसत होती.

"आटप लवकर," ती म्हणाली. "मळमळतंय मला."